हरणानं ठोकलेली गाडी

आमच्या अंगणात मोडकी गाडी नाही असा दिवस माझ्या संसारात फार क्वचित उगवला. लोकांच्या दारात फुलझाडं असतात, माझ्या दारात लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली, चाकं काढलेली कुणाची तरी गाडी. लग्नाआधी माझ्या आईनं बजावलं होतं, "ग्लेंडा, मुलगा चांगला आहे, पण त्याला भंगाराचा नाद आहे." मी म्हटलं होतं, दारूचा तर नाही ना? तेव्हा तोंड वर करून बोलले आणि चव्वेचाळीस वर्षं निस्तरते आहे.

मुलगा म्हणजे ड्वेन, माझा नवरा. नोकरी त्यानं खाणीवरची यंत्रं दुरुस्त करण्याची केली, पण जीव होता तो या गाड्यांत. अपघातात चेपलेली गाडी दुरुस्त करणं विमा कंपनीला परवडत नाही, तेव्हा ती मालकाला पैसे देऊन मोकळी होते आणि गाडीच्या सरकारी कागदावर 'भंगार' असा शिक्का बसतो. अशी गाडी स्वस्तात आणायची, घरी दुरुस्त करायची आणि सरकारी इन्स्पेक्टरला दाखवायची. त्यानं मान डोलावली की नवा कागद मिळतो आणि गाडी पुन्हा माणसात येते. तोवर तिनं रस्त्याला चाक टेकवायचं नाही. इन्स्पेक्टरकडेसुद्धा ट्रेलरवर चढवूनच न्यायची. आमच्या टेकड्यांत हे शेंबडं पोरही सांगेल. ड्वेननं आमच्या मुलीसाठी, भाच्यांसाठी, चर्चच्या पाद्र्यासाठीसुद्धा अशा गाड्या उभ्या केल्या आणि सगळ्या ट्रेलरवरून मिरवत नेल्या.

मग त्याचे डोळे गेले. पूर्ण नाहीत. समोर बघितलं की मधोमध नुसतं धुकं, कडेकडेचं तेवढं दिसतं. त्यामुळे तो माणसाशी बोलताना त्याच्या कानाकडे बघून बोलतो. गेल्या वसंतात त्यानं आपलं लायसन्स स्वतःहून कचेरीत देऊन टाकलं. घरी आला, पिकअपच्या किल्ल्या खिळ्याला अडकवल्या आणि गॅरेजमध्ये जाऊन बसला. मी जेवायला हाक मारली नाही. काही वेळा माणसाला उपाशी राहू द्यावं लागतं.

आता घरात चालवणारं कुणी उरलं नाही, कारण मला गाडी येत नव्हती. आमच्याकडे हे ऐकून लोक असे बघतात जणू मला चालताच येत नाही. सोळाव्या वर्षी बापाच्या गाडीवर शिकायला बसले आणि थेट चर्चच्या फलकावर नेऊन घातली. फलकावर लिहिलं होतं, 'थांबा, देव बोलावतो आहे.' मी थांबले नाही. पुढे कित्येक वर्षं गावातले लोक विचारायचे, "काय ग्लेंडा, देव भेटला का?" मी कानाला खडा लावला. मग ड्वेन आला, गाडीसकट आला, आणि मी त्याच्या शेजारच्या सीटवर बसले ती बसलेच.

आमची मुलगी क्रिस्टा कोलंबस शहरात असते. तिचा फोन आता रोज यायला लागला. "आई, दुकान चौदा मैलांवर. डॉक्टर त्याहून लांब. बाबांना काही झालं तर तू काय चालत जाणार आहेस? माझ्याकडे या. शेजारच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जागा आहे, लिफ्ट आहे."

पोरगी चुकीचं बोलत नव्हती, हीच तर पंचाईत होती. पण तिला एक गोष्ट दिसत नव्हती. या घरात ड्वेनला डोळे लागत नाहीत. गॅरेजमध्ये कुठला पाना कुठल्या खिळ्यावर आहे हे त्याच्या हाताला ठाऊक आहे. तो अंधारात उठून कॉफी करतो, पायरी न मोजता अंगणात उतरतो. त्या तिसऱ्या मजल्यावर त्याला दिव्याचं बटणसुद्धा सापडायचं नाही. इथे त्याला कमी दिसतं, एवढंच. तिथे तो आंधळा होईल. मला हे दिसत होतं आणि माझी झोप उडाली होती.

ऑगस्टमधल्या एका सकाळी शेजारचा लॉनी ट्रेलर घेऊन आला. ट्रेलरवर एक छोटी निळी गाडी होती, नाक चेपलेली, एक डोळा फुटलेली. ड्वेन लॉनीच्या शेजारून असा उतरला की जणू बाजारातून पाव आणलाय.

"ही कुणासाठी?" मी विचारलं.

"तुझ्यासाठी."

"डोकं ठिकाणावर आहे का? एकाला दिसत नाही, दुसरीला चालवता येत नाही, आणि गाडीला तोंड नाही!"

"बरोबर," ड्वेन माझ्या कानाला म्हणाला. "तिघं मिळून जमवू. पिकअपच्या पेडलांना तुझे पाय पोचत नाहीत. हिच्यात पोचतील."

लॉनी हसू लपवायला ट्रेलरच्या साखळ्या सोडायला लागला. मी आत निघून गेले आणि भांडी आपटली. घासलेलीच भांडी पुन्हा घासली. पण खिडकीतून बघत होते. ड्वेन गाडीसमोर गुडघे टेकून बसला होता. चेपलेल्या नाकाखाली हात घालून तो चासीच्या दोन्ही पट्ट्या इंच इंच चाचपत होता, आजारी वासराचे पाय तपासावेत तसा. बराच वेळ. मग त्यानं मान वर करून खिडकीच्या दिशेनं आरोळी दिली, "सरळ आहे गं! हाड सरळ आहे! नुसतं मांस सोलवटलंय!"

मी बाहेर गेले. गाडीच्या पुढच्या जाळीत काहीतरी अडकलं होतं ते उपसून काढलं. तपकिरी, राठ केस.

"हे केस कसले?"

"कसे आहेत? पोकळ? वाकवले की तुटतात?"

"हो."

ड्वेनचा चेहरा उजळला. "हरीण! मला वाटलंच होतं. हरणानं ठोकलेली गाडी म्हणजे लॉटरी. एअरबॅग फुटली नाही, माणसाला खरचटलं नाही, कंपनी उगाच घाबरली."

"हरणानं ठोकली की हिनं हरणाला?"

"ते हरणाला विचारायला हवं."

तर अशी आमची दुरुस्ती सुरू झाली. तो हात, मी डोळे. तो गाडीखाली आडवा, मी बॅटरी धरून वर. "वायर कुठल्या रंगाची?" "हिरवी." "हिरवी की पोपटी?" "ड्वेन, मी चव्वेचाळीस वर्षं तुझे मोजे जोडीनं लावतेय, मला हिरवा कळतो." आणि तरी ती पोपटी निघायची. मग गाडीखालून नुसतं हुंकारल्याचा आवाज. खालून हुकूम सोडायला त्याचं काही जात नव्हतं, ग्रीस मात्र माझ्या केसांपर्यंत गेलं. सूप ढवळताना माझ्या हाताला रेडिएटरच्या पाण्याचा गोडूस वास यायचा. खरं सांगायचं तर मला ते दिवस आवडायला लागले होते. संसारभर तो गॅरेजमध्ये आणि मी स्वयंपाकघरात असे राहिलो. एका कामावर दोघं वाकलोय असं पूर्वी कधी झालंच नव्हतं.

रेडिएटर ज्या चौकटीत बसतो ती चौकट आत दबली होती. ती ओढून सरळ करायला हवी होती. मोठ्या गॅरेजात त्याला यंत्र असतं. आमच्याकडे अक्रोडाचं झाड आहे. गाडीचा मागचा भाग साखळीनं झाडाला बांधायचा, दबलेल्या चौकटीत आकडा अडकवायचा, आकड्याची साखळी पिकअपला, आणि पिकअप पुढे घ्यायची, केसभर. ड्वेननं हे झाड याच कामाला लावलंय असं मला नेहमी वाटतं. त्याच्या बुंध्यावर साखळीचे वळ आहेत.

सगळं बांधून झालं. "आता?" मी म्हटलं. "लॉनीला बोलावू?"

"लॉनीला कशाला? माझा हात चौकटीवर हवा, किती सरकली ते मला कळायला हवं. पिकअपमध्ये तू बस."

"मी?"

"बुडाखाली दोन उश्या घे."

मी चढले. उश्या घेतल्या, तरी पाय ताणून बोटांच्या टोकावर पेडल आलं. इंजिन सुरू झालं आणि माझ्या पोटात तो सोळाव्या वर्षीचा फलक आडवा झाला. मागून ड्वेनचा आवाज आला, अगदी शांत. "ब्रेकवरचा पाय नुसता हलका कर. गॅसच्या पेडलला पाय नको. श्वास सोडल्यासारखा." मी श्वास सोडला. साखळी ताठ झाली, झाड करकरलं, पत्रा कण्हला. "अजून. अजून. अजून एक केस... बास!" मी ब्रेक दाबला तो असा की उश्या निसटल्या. उतरून पाहिलं तर चौकट सरळ उभी होती आणि ड्वेन तिच्यावर हात फिरवत म्हणत होता, "बघ. आणि म्हणे गाडी येत नाही."

तेव्हा मला कळलं की लॉनी का नको होता. लबाड माणूस.

बॉनेट भंगारवाल्याच्या आवारातून मिळालं, पण निळं नाही मिळालं. आमची गाडी निळी आणि तिचं कपाळ किरमिजी झालं. मी म्हटलं रंग देऊ. ड्वेन म्हणाला, "राहू दे. दुकानाबाहेर लावलेली तुला पटकन सापडेल." रंग त्याला दिसत नव्हता, हे लक्षात आल्यावर मी रंगाचा विषय सोडून दिला.

गाडी चालू झाली तशी शिकवणी आमच्याच कुरणात, गवताच्या गठ्ठ्यांमधून. तो शेजारी बसायचा, डोळे मिटून, इंजिनाचा आवाज ऐकत. "आता घाबरलीस." "तुला काय माहीत?" "इंजिन सांगतं." लायसन्सची परीक्षा लॉनीच्या बायकोच्या गाडीवर दिली. पहिल्यांदा वाटेत मांडलेला एक शंकू आडवा पाडला. दुसऱ्यांदा पास झाले. फोटोत मी चोरासारखी दिसते, पण लायसन्स माझं आहे.

नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला क्रिस्टा आली. टर्की संपली, भोपळ्याचं गोडधोड संपलं, आणि ती अंगणात जाऊन निळी गाडी बघून आली. डोळे भरलेले होते.

"आई, बाबांनी दुरुस्त केलेली गाडी? या डोळ्यांनी?"

"माझ्या डोळ्यांनी," मी म्हटलं.

"मी वाईट आहे का? मला रात्रीचा फोन वाजला की धडकी भरते गं." मग नाक पुसून ती म्हणाली, "बरं. नाताळला तुम्ही दोघं या गाडीनं माझ्या दारात या. तू चालवत आण बाबांना. आलात तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही आलात, तर जानेवारीत मी सामान बांधायला येईन."

ड्वेननं तिच्या कानाकडे बघून मान डोलावली. इन्स्पेक्टरची तारीख पुढच्याच सोमवारी होती. गाडी पास झाली की नाताळाआधी नवा कागद येईल असं कचेरीतून सांगितलं होतं. सगळं जुळून आलं होतं.

आणि इथेच आम्ही माती खाल्ली. थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार म्हणजे हरणांच्या शिकारीच्या मोसमाचा पहिला दिवस. त्या दिवशी आमच्या मुलखात शाळा बंद असते, खाण बंद असते, माणूस मेला तर पुरायला मंगळवार उजाडतो. ट्रेलर असलेला प्रत्येक माणूस पहाटेपासून झाडावर बंदूक धरून बसलेला असतो, फोन बंद करून. ड्वेननं लहानपणापासून एकही पहिला दिवस चुकवला नव्हता. तारीख त्यानंच घेतली होती, फोनवरून. आणि त्याला तो सोमवार कुठला ते आठवलं नव्हतं.

सकाळी आम्ही कोट घालून पायरीवर उभे. ट्रेलर घेऊन येणाऱ्या लॉनीचा पत्ता नाही. लांब टेकडीत एक बार झाला, मग दुसरा. ड्वेननं मान वाकडी करून ऐकलं आणि त्याचा चेहरा पडला तो मला अजून दिसतो.

"आज पहिला दिवस," तो म्हणाला. "लॉनीही विसरला असणार मला हो म्हणताना. आणि मी... ग्लेंडा, मी विसरलो गं."

लॉनी विसरला याचं मला काही वाटलं नाही. पण ड्वेन शिकारीचा दिवस विसरला. त्याच्यातलं काहीतरी त्यानं किल्ल्यांबरोबर त्या खिळ्याला अडकवलं होतं आणि मला पत्ता नव्हता. मला रडू आलं. रडू आलं की मला राग येतो.

इन्स्पेक्टरच्या कचेरीला फोन लावला. पुढची तारीख फेब्रुवारीत, नाताळ उलटून गेल्यावर.

"चल, बस," मी म्हटलं.

"कुठे?"

"गाडीत."

"ग्लेंडा, शिक्क्याची गाडी रस्त्यावर काढता येत नाही. तुझं लायसन्स नवं आहे. काढून घेतील."

"बस म्हणते ना!"

तो बसला. नियम मोडायचा अनुभव आम्हा दोघांनाही नव्हता. मी कुरणातून बाहेर आले, फाटक ओलांडलं, आणि चाकांखाली डांबर लागलं. आवाजच बदलला. गवतावर दहिवर पडलेलं, रस्त्याच्या कडेला नारिंगी जाकिटवाल्या शिकाऱ्यांच्या रिकाम्या पिकअप उभ्या. माझे हात स्टिअरिंगला चिकटले होते. नदीच्या वळणावर झुडपातून एक हरिणी धडपडत वर आली, मागे दोन पाडसं. मी ब्रेकवर पाय ठेवला. दाबला नाही, ठेवला. गाडी गुडघे टेकल्यासारखी थांबली.

"काय झालं?"

"हरणं."

"किती?"

"तीन. बघतायत आपल्याकडे."

"बघू दे. ओळख निघाली असेल." त्यानं डॅशबोर्डवर हात ठेवला. हरणं गेली, आम्ही निघालो. त्यानंतर तो कचेरीपर्यंत गप्प. मला वाटलं, घाबरलाय.

इन्स्पेक्टर आमच्या क्रिस्टाच्या वयाचा होता, चेहरा इस्त्रीचा. त्यालाही शिकारीला जायचं असणार. तपासणीच्या शेडमध्ये त्यानं गाडीभोवती चक्कर मारली, चाकांवरचा ओला चिखल पाहिला, बॉनेटवर तळवा ठेवला. मग खिडकीतून आवारात नजर टाकली. ट्रेलर नाही.

"गाडी कोणी आणली?"

मी तोंड उघडायच्या आत ड्वेन पुढे झाला. "मी आणली."

इन्स्पेक्टरनं त्याच्याकडे पाहिलं. ड्वेन ताठ उभा राहून, अत्यंत प्रामाणिक चेहऱ्यानं, कोपऱ्यातल्या थंड पेयांच्या मशीनशी बोलत होता.

"सबंध रस्ता मीच चालवली, साहेब. बायको नुसती शेजारी बसली होती. तिला काही ठाऊक नाही. काय शिक्षा करायची ती मला करा."

"तुमचं लायसन्स?"

"नाहीच आहे," ड्वेन म्हणाला, आणि त्याच्या आवाजात विजय होता. "तेव्हा काढून घेण्यासारखंही काही नाही."

म्हणजे वाटभर हा माणूस घाबरलेला नव्हता. हे जुळवत होता. माझं लायसन्स वाचावं, मी नाताळला चालवत जावं, म्हणून हा स्वतः तुरुंगात जायला निघाला होता. त्या मशीनसमोर उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्यावर माझं अतोनात प्रेम दाटून आलं. मी तो दोष त्याला अंगावर घेऊ द्यायला हवा होता. शहाणी बाई गप्प बसली असती.

पण नाही. त्यानं मला आयुष्यात खूप काही दिलं आणि मी घेतलं. पण ही गाडी मी चालवली, हे एक मी त्याला घेऊ देणार नव्हते.

"खोटं बोलतोय तो," मी म्हटलं. "मी चालवली. फाटकापासून इथपर्यंत. मी."

"ग्लेंडा..."

"तू गप्प. मी चालवली. वळणावर हरणं आडवी आली तेव्हा थांबवलीसुद्धा मीच."

इन्स्पेक्टर म्हणाला, "मॅडम, तुम्ही गुन्ह्याची कबुली देताय, कळतंय ना?"

"कबुली नाही देत," मी म्हटलं. "सांगतेय."

त्यानं आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग पेन काढलं आणि मला दंडाची पावती फाडली. लायसन्सला हात लावला नाही. त्यानंतर, तारीख आमचीच होती म्हणून, गाडीखाली गेला, बॉनेट उघडलं, दिवे लावून पाहिले, आणि ती सरळ केलेली चौकट बॅटरीच्या उजेडात बराच वेळ बघत राहिला. "गाडी पास," तो म्हणाला. "आणण्याची पद्धत नापास. नवा कागद दोन आठवड्यांत येईल. तोवर हिला ट्रेलरवरून घरी न्या. कुणी मिळेपर्यंत इथेच बसा."

दुपारी लॉनीनं फोन उघडला आणि तसाच, नारिंगी जाकिटात, ट्रेलर जोडून धावत आला. रडवेला झाला होता. पुढच्या सीटवर आम्ही तिघं दाटीनं बसलो, मागे ट्रेलरवर आमची निळी गाडी किरमिजी कपाळ वर करून येत होती. लॉनीची तीनदा माफी मागून झाल्यावर ड्वेननं कोपरानं मला ढोसलं.

"ती पावती काढ."

"कशाला? वाचून काय करायचंय? दंड आहे."

"काढ ना. वाच."

मी पिशवीतून कागद काढला. चष्मा लावला. "तारीख. वेळ. वाहन, निळं, छोटं." मग माझा आवाज थोडा हलला. "चालक, ग्लेंडा मे प्रूइट."

ड्वेननं डोळे मिटून मान मागे टेकवली, कुरणात इंजिन ऐकायला टेकवायचा तशी.

"परत वाच," तो म्हणाला.